मधल्या दरातले

धोबीतलावच्या दुकानात
फकरुद्दीनशेठनं काचेवर दोन डबे ठेवले.
निळा बावीसशेचा, हिरवा चोवीसशे पन्नासचा.
दोन्हींवर लिहिलेलं: मऊ.
“डॉक्टरबाई, वरचे दाखवू, पाच हजारवाले?”
नको.
“मग खालचे?”
तेही नको, ते दगड आहेत.
या डाव्या अंगठ्याचा सांधा गेल्यापासून
एक फटका चुकीचा बसला
की कोपरापर्यंत झिणझिण्या जातात
आणि दुपारी वरणाचा चमचाही जड होतो.

मऊ म्हणजे किती, मी विचारलं.
“दाबून बघा ना.”
चौतीस वर्षं मी भूल दिली.
माणूस नेमका कुठल्या श्वासाला सैल पडतो
ते जबड्याखाली दोन बोटं ठेवून मला कळायचं.
चेंडू दाबला.
चेंडूनं काही सांगितलं नाही.

शेठनं दोन्हींतले तीन-तीन सुटे दिले,
खेळून ठरवा म्हणाले, डझन कुठं पळून जात नाही.
घरी ओट्यावर एकेक टाकून पाहिला.
निळा म्हणाला, टॉक.
हिरवा, टप्, किंचित उशिरा,
हो म्हणण्याआधी कुणी आवंढा गिळावा तसा.
आतल्या खोलीतून यशवंतराव ओरडले, काय पडलं?
म्हटलं, अडीचशे रुपयांचा फरक.

शनिवारी चेंबूरला सव्वासहा वाजता
रिफायनरीची ज्योत अजून फिकी पडली नव्हती.
बॅग उचलताना केणीनं डबे पाहिले, हसला.
हा माहुलचा. बाप खाडीत निवट्या धरायचा,
हा तळ्याच्या गाळात उतरून
पायाच्या बोटांनी चेंडू धरतो,
आणि धुऊन, पुसून, परत आम्हालाच विकतो.
कुठला घेऊ रे, विचारलं.
“मला खेळतानाचं काय म्हाईत, बाई.
हरवतानाचं सांगतो.
म्हागाचा गेला की साहेब लोक गवत विंचरतात.
स्वस्ताचा गेला तर मान पण वळत नाय.
तुमचा हा मधला हाय ना,
ह्यो घड्याळ बघून शोधतात.
नियमात तीन मिनिटं. हे अडीचला म्हणतात, जाऊ दे,
आनि चार पावलं गेल्यावर
एकदा मागं बघतात.”

निळा सहा होल टिकला. सरळ, समजूतदार.
त्याच्याबद्दल तक्रार नाही,
बोलण्यासारखंही नाही काही.

सातव्याला हिरवा काढला.
काय बसला म्हणून सांगू,
हाताला लागलाच नाही, अंगठा झोपलेलाच राहिला,
आणि मी त्याच्याकडे बघत राहिले
तळ्याच्या काठच्या लव्हाळ्यात शिरेपर्यंत.

शोधला. छत्रीच्या टोकानं लव्हाळा बाजूला केला,
एक पाणकोंबडी चिडून निघून गेली.
केणी चपला काढून घोटाभर चिखलात उभा,
डोळे इकडेतिकडे, हात इकडेतिकडे,
भारी मेहनत.
फक्त उजवा पाय हलत नव्हता.

आयुष्यभर मी हेच पाहत आले,
सगळं हलत असताना
कुठली एक गोष्ट थांबली आहे.

घड्याळ पाहिलं. दोन मिनिटं चाळीस.
त्याची मुलगी यंदा बारावीला आहे,
हे मला आठवलं, की मी आठवून घेतलं,
ठाऊक नाही.
म्हटलं, जाऊ दे रे.
चार पावलं चालले.
पाचव्यालाही मागं पाहिलं नाही,
मान अवघडली तेवढ्यापायी.

पुढच्या शनिवारी त्यानं खिशातून काढला,
फडक्यात गुंडाळलेला, स्वच्छ, हिरव्या अक्षरांचा.
“बाई, जवळजवळ नवाच. चाळीस द्या.”
दिले.
तिथंच उभी राहून दाबून पाहिला,
आधी उजव्या हातानं,
मग डाव्या.

शेठचा दोनदा फोन येऊन गेला.
अजून काही कळवलेलं नाही.